बंदुकीला बांधलेली हिरवी चिंधी

आधीच सांगते, या सदरातले अनुभव वाचताना मी निम्म्या वेळा हसते. पैंजणांचे आवाज, पांढरी साडी, अमावस्या... आमच्या घरी असलं काही निघालं की आईच ओरडायची, "भुतं बघायला वेळ बरा मिळतो तुम्हाला! इथे मला श्वास घ्यायला फुरसत नाही." मी तिचीच मुलगी. त्यामुळे हे लिहायला मला इतकी वर्षं लागली यात नवल नाही. कोणी हसलं तरी चालेल. दुसऱ्या कोणी लिहिलं असतं तर मीही हसलेच असते.

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं. आम्ही अजमानला राहायचो – कॉर्निशच्या, म्हणजे समुद्रकाठच्या रस्त्याच्या, मागच्या गल्लीत, खाली मलबाऱ्याची ग्रोसरी, वर आमचा फ्लॅट. हे शारजात एका वर्कशॉपमध्ये सुपरवायझर, मी अजमानलाच एका क्लिअरिंगच्या ऑफिसात टायपिंग करायचे. त्या वर्षी गणपतीच्या आधी माझी आई गेली. ताप आला, डोक्यात गेला, संपलं.

अण्णा, म्हणजे माझे वडील, गुहागर तालुक्यातल्या आमच्या घरी दादाबरोबर राहायचे. आई गेल्यावर त्यांनी जेवण सोडलं असं नाही – ताटावर बसायचे, भात चिवडायचे आणि उठायचे. बोलणं तर बंदच. शेवटी दादाचा फोन आला. "तू थोडे दिवस घेऊन जा यांना. मला भीती वाटते गं."

कसली भीती, ते त्याने सांगितलं नाही आणि मला विचारावं लागलं नाही. अण्णांकडे लायसनची ठासणीची बंदूक होती, रानडुकरांसाठी ठेवलेली. इलेक्शन आलं की गावातल्या सगळ्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा होतात, तशी तीही झाली होती. इलेक्शन उरकलं, बाकीच्यांनी आपापल्या परत आणल्या. दादाने आणली नाही. अण्णा विचारायचे, तो काहीतरी सांगून टाळायचा.

तर असे आमचे अण्णा व्हिजिट व्हिसावर अजमानला आले. खिडकीजवळच्या सोफ्यावर बसायचे आणि खालचा पार्किंग लॉट बघत राहायचे. आमची कन्या रोज मला रिपोर्ट द्यायची, "ममा, आजोबा इज नॉट ईटिंग अगेन." मी चिडायचे. माझा स्वभावच तसा आहे, काळजी वाटली की आवाज चढतो. "अण्णा, खास तुमच्यासाठी बांगडा आणलाय. काटे काढून भरवू का आता?" त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर – "नको गं बाय. मला आता कशाला." नवीन शर्ट आणला, मला आता कशाला. चष्म्याचा नंबर तपासू या, मला आता कशाला.

आमच्या वरच्या मजल्यावर इस्माईलभाई राहायचे. दापोलीकडचे, गाड्यांच्या स्पेअर पार्टचा धंदा, वीस-पंचवीस वर्षं गल्फमध्ये काढलेली, अरबी फाडफाड बोलायचे. एकदा चहाला आले आणि अण्णांची ही अवस्था बघून म्हणाले, "भाभी, यांना समुद्र दाखवा. हा कॉर्निश नव्हे हो, इथे नुसत्या टाइल्स! खरा समुद्र, जाळीवाला. रास-अल-खैमाच्या पुढे, रम्सच्याही पुढे एक गाव आहे, तिथे माझा जुना गिऱ्हाईक आहे. म्हाताऱ्याचं जुन्या बंदुकांचं दुकान आहे, एकेक नग बघण्यासारखा! अण्णांना बंदुकीतलं कळतं ना? बघा कसे खुलतात."

मी ह्यांच्याकडे डोळे मोठे करून बघितलं. इस्माईलभाईंना बिचाऱ्यांना काय माहीत. ह्यांनी मला स्वयंपाकघरात गाठलं. "अगं, शोभेच्या असतात त्या. शंभर-शंभर वर्षं जुन्या. भिंतीवर टांगायला लोक विकत घेतात. त्यात काय असणार?" आणि बाहेर अण्णा कधी नव्हे ते विचारत होते, "ठासणीच्या पण असतील काय हो तिकडे?"

कित्येक महिन्यांनी त्यांनी स्वतःहून एक प्रश्न विचारला होता. मी कशी नाही म्हणणार? शुक्रवारी निघालो. मुलीला इस्माईलभाईंच्या बेगमकडे ठेवलं.

ते गाव मला इतकं आवडलं की काय सांगू. एका बाजूला उघडेबोडके तांबूस डोंगर, दुसऱ्या बाजूला समुद्र, आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत खजुराची झाडं आणि बसकी घरं. काही जुनी, समुद्रातल्या दगडाची, भिंतीत शिंपले दिसणारी. इस्माईलभाई मशिदीत नमाजाला गेले आणि आम्ही तिघं किनाऱ्याने चालत सुटलो. हवा थंड, जानेवारीची. वाळूवर छोटी मासळी अंथरून वाळत घातलेली. वास आला मात्र, अण्णा थबकले.

"सुकट," ते म्हणाले.

"अरबी सुकट," मी म्हटलं. त्यांनी हसायचं मनावर घेतलं नाही, पण खाली वाकून एक मासळी उचलली, मोडून बघितली, हुंगली. "मीठ कमी लावतात हे," म्हणाले. पुढे तारेचे घुमटासारखे मोठाले सापळे रचून ठेवलेले होते. आत मासा कसा शिरतो आणि बाहेर का येत नाही, ते त्यांनी हात घालून समजून घेतलं. एक लाकडी होडी उलटी घालून दोघं जण फटींत कापूस भरत होते. अण्णा बराच वेळ बघत राहिले. ते दोघं वर बघून हसले, अण्णांनी मान डोलावली. मी ह्यांना कोपराने ढोसलं. असे अण्णा मी आई गेल्यानंतर बघितलेच नव्हते.

दुकान म्हणजे दुकान नव्हतंच. जुन्या घराची पुढची लांब खोली, खाली गालिचे, भिंतीला टेकून गाद्या, आणि तिन्ही भिंतींवर बंदुका. अबू राशिद, म्हणजे मालक, ऐंशीच्या घरातला माणूस, पण उठून दारापर्यंत आला. पांढरी दाढी, ताठ पाठ, आणि डोळे इतके शांत की माझ्यासारख्या बडबडीचाही आवाज आपोआप खाली आला. त्यांचा नियम असा की आधी कॉफी, मग बंदूक. पाहुण्याच्या घशाखाली काही गेल्याशिवाय ते भिंतीवरची वस्तू उतरवतच नाहीत, मग तो लाखाचा गिऱ्हाईक का असेना.

इथे एक गंमत झाली. अरबांमध्ये कॉफीचा तो बिनकानाचा छोटा कप हलवून परत द्यायचा असतो – म्हणजे पुरे. न हलवता पुढे केला की ते पुन्हा भरतात. अण्णांना हे कोणी सांगितलंच नाही. आणि अण्णा कोकणातले, पुढ्यात आलेलं नाकारलं तर घरधन्याचा अपमान, ही त्यांची शिकवण. ते पितात, कप पुढे करतात, अबू राशिद भरतात. ते पुन्हा पितात, पुन्हा कप पुढे. सोबत खजूर. दोन्ही म्हातारे एकमेकांचा मान राखतायत आणि कोणी थांबेना! इस्माईलभाई सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात मी त्यांना डोळ्यांनी दाबलं. माझ्या घरी अर्धी पोळी न खाणारा माणूस इथे वाटीभर खजूर खात होता. खाऊ देत की!

मग बंदुका. काय काय होतं तिथे! चांदीच्या पट्ट्या ठोकलेल्या, माणसाच्या उंचीच्या बंदुका, हस्तिदंत बसवलेले दस्ते, इंग्रजांच्या काळातल्या रायफली ज्या इकडच्या लग्नांत अजून हवेत भिरकावून झेलतात. अबू राशिद एकेकीची माहिती देत होते, इस्माईलभाई मराठी करत होते. ह्यांनी एकीची किंमत विचारली. इस्माईलभाईंनी दिरहममध्ये सांगितली, मग मोठ्याने रुपयांत केली, आणि अण्णांनी कपाळाला हात लावला. सगळे हसले. अण्णासुद्धा.

"ती," अण्णांनी कोपऱ्याकडे बोट केलं. "ती खाली काढतात काय विचार."

साधी ठासणीची बंदूक होती. चांदी नाही, नक्षी नाही. अबू राशिद म्हणाले, ही विकायची नाही, माझ्या वडिलांची आहे. हिंदुस्थानातून गलबतावर आलेली. पण पाहुण्याला बघायची असेल तर तफद्दल, हे घ्या. आधी ती ह्यांच्या हातात आली. ह्यांना लगेच फोटोची हौस. खांद्याला लावून, घोड्यावर अंगठा ठेवून पोज दिली. घोडा म्हणजे चापाच्या वर असतो तो लोखंडी हातोडा, मागे ओढायचा आणि चाप दाबला की पुढे आपटतो. मी फोटो काढला आणि ओरडले, "पुरे आता! लहान आहात का?" ह्यांनी बंदूक इस्माईलभाईंकडे दिली, त्यांनी आडवी करून अण्णांच्या मांडीवर ठेवली.

आता थोडं थांबून एक सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. ठासणीच्या बंदुकीत दारू, छर्रे आणि वर नारळाच्या काथ्याचा बोळा पुढच्या तोंडाने ठासून भरतात. एकदा भरली की सहज रिकामी करता येत नाही. म्हणून भरलेली बंदूक घरात तशीच उभी असायची आणि आईचा जीव टांगणीला. तिने स्वतःची पद्धत काढली होती. बंदूक भरली की ती जुन्या लुगड्याची चिंधी घोड्याला बांधायची, चापाखालच्या कडीतून ओवून. चिंधी आहे म्हणजे भरलेली, हात लावायचा नाही. आई डावखुरी. तिची गाठ उलटी बसायची, वर एक फास ठेवलेला, एका झटक्यात सुटणारा. तशी गाठ आमच्या घरात दुसऱ्या कोणाला कधी जमली नाही. मी शाळेत असताना किती प्रयत्न केले होते.

आणि अण्णांचा नियम वेगळा. बंदूक हातात आली की पहिल्यांदा गज टाकायचा. ठासायची ती लोखंडी सळई म्हणजे गज. नळीत सोडला आणि पूर्ण आत गेला तर रिकामी, बाहेर उरला तर भरलेली. मगच नळीला तोंड लावून फुंकर मारायची, खालचं छिद्र मोकळं आहे ना ते बघायला. गज टाकल्याशिवाय फुंकर मारायची नाही. दादाने एकदा मारली तर थोबाडीत बसली होती त्याच्या.

अण्णांनी बंदूक उभी केली. दस्ता दोन्ही पायांमध्ये, गालिच्यावर. नळीवरून हात फिरवला. मग वाकले आणि तोंड नळीला लावलं.

गज टाकला नाही.

मला ते दिसलं, कळलं. शोभेची आहे, शंभर वर्षं जुनी आहे, असं मी मनात म्हणत राहिले. फुंकर पार जायची तर घोडा वर उचलावा लागतो. अण्णांचा हात खाली घोड्याकडे गेला. अंगठा लागला... आणि थांबला.

त्यांनी तोंड बाजूला घेतलं. खाली बघितलं. आम्हीही बघितलं.

घोड्याला हिरवी चिंधी बांधलेली होती. चापाच्या कडीतून ओवलेली. वर फास.

"ही कोणी बांधली?" अण्णांनी विचारलं. अगदी हळू. इस्माईलभाईंनी अरबीत विचारलं, अबू राशिद नुसते मान हलवत राहिले. आत्ता भिंतीवरून त्यांनीच उतरवली होती. हे म्हणाले, "अहो, आत्ता माझा अंगठा होता तिथे!"

अण्णांनी नळीखाली अडकवलेला गज खेचून नळीत सोडला. टक्‌ आवाज झाला आणि गज वीतभर बाहेर उभा राहिला.

बंदूक भरलेली होती. वडील गेले तेव्हा अबू राशिदनी ती होती तशी भिंतीवर टांगली होती, आणि त्यानंतर कोणी भरली नव्हती, तपासलीही नव्हती. अण्णांनी फास ओढला, गाठ सुटली, चिंधी त्यांनी खिशात ठेवली. घोडा अगदी सांभाळून उचलला तर खाली केप चिकटलेली – ठिणगी पाडणारी ती तांब्याची टोपी, गंजून काळीहिरवी झालेली. अंगठ्यातून घोडा निसटायचीच खोटी होती.

अबू राशिदचं मला आजही कौतुक वाटतं. दुसरा कोणी असता तर सारवासारव केली असती, मला काय माहीत म्हणाला असता. ते उठले, अण्णांसमोर गुडघ्यांवर बसले आणि त्यांचे दोन्ही हात हातात घेतले. इस्माईलभाईंनी सांगितलं ते असं – "माझ्या घरी कॉफी प्यायलेला माणूस माझ्या बापाच्या बंदुकीने गेला असता. मी कोणत्या तोंडाने जगलो असतो?" त्यांच्या दाढीवरून पाणी ओघळत होतं. अण्णा त्यांच्या पाठीवर थोपटत मराठीत म्हणत होते, "होतं असं, होतं. जुनी माणसं भरून ठेवायचीच."

मग दोघं पायरीवर बसले आणि बंदूक रिकामी केली. एकाला अरबी येत नाही, एकाला मराठी, तरी एक हात पुढे करायचा आणि दुसरा नेमकी हवी ती वस्तू द्यायचा. केप तेल सोडून काढली. मग वळलेल्या तारेने बोळा उपसला. थोडी दारू दगडावर सांडली. अबू राशिदनी कॉफीच्या शेगडीतला निखारा चिमट्याने आणून टेकवला. फस्स करून जाळ उठला. अण्णांनी नळीत पाणी ओतलं आणि "खलास," म्हणाले. तेवढं अरबी त्यांना अजमानमध्ये आलं होतं.

किनाऱ्यावर परतताना मी फुटले. वाटेतच उभी राहून ओरडले. इस्माईलभाई, हे, कोणाचीही पर्वा केली नाही. "गज का नाही टाकलात? जन्मभर टाकलात ना? दादाला मारलं होतंत ना त्यावरून? मग आज का नाही?"

अण्णा समुद्राकडे बघत होते. "भरलेली असेल असं वाटलं नव्हतं, बाय. देवाशपथ." पायाने वाळू सारत म्हणाले, "पण गज काढायला हात गेला होता. मग म्हटलं, असू दे. असली तर असू दे."

मी तिथे वाळूत खाली बसले आणि हमसून हमसून रडले. अण्णांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "उठ. आता नाय तसं वाटत. तुझी आई नुसती संतापली असेल माझ्यावर."

ह्यांचं म्हणणं, चिंधी आधीपासूनच असणार, आपलंच लक्ष नव्हतं. मग रोल धुवून आला. ह्यांचा फोटो स्पष्ट आहे – खांद्याला बंदूक, अंगठा घोड्यावर, आणि घोड्याला चिंधी नाही. तेव्हापासून हे त्या विषयावर गप्प आहेत. इस्माईलभाई म्हणतात, अल्लाची मर्जी, जास्त खोदू नका. कापड म्हणाल तर साधं हिरवं सुती, कुठल्याही बाजारात मिळेल असं. मी ते आईच्या लुगड्याचंच होतं असं छातीठोक सांगणार नाही. गाठ मात्र मी डोळ्यांनी बघितली, आणि त्या खोलीत आम्हा कोणालाही ती बांधता येत नव्हती. याहून जास्त मला काही माहीत नाही. मी आजही भुतांवर विश्वास ठेवत नाही. त्या दिवशी काय झालं, तेही मला सांगता येत नाही.

अण्णा व्हिसा संपल्यावर गावी गेले आणि पुढे बरीच वर्षं छान जगले. बागेत नवीन पोफळी लावल्या, दादाशी भांडले, सुनेच्या हातचं मागून मागून खाल्लं. एकदा मी अजमानहून फोन केला तेव्हा मनात फार दिवस होतं ते विचारलंच. म्हटलं, "अण्णा, खरं सांगा. कोणी बांधली असेल हो?"

पलीकडून ताटाचा आवाज येत होता. अण्णा वैतागून म्हणाले, "तुला काय करायचंय गं? गरम आहे तोवर जेवू दे मला."